चष्मेवाल्यांची बशी

माझा कप आठवडाभरासाठी चष्मेवाल्यांकडे ठेवून मी त्यांचा जिना उतरले, आणि शेवटची पायरी यायच्या आत मला कळून चुकलं की आपण शुद्ध मूर्खपणा केला. परत वर जाऊन ‘द्या इकडे’ म्हणावं, तर शब्द दिलेला. रस्त्यावर येऊन मी मान वर केली. एरवी मी कोपऱ्यावर वळेपर्यंत खिडकीत उभा राहणारा माणूस आज खिडकीत नव्हता. कशाला असेल? कप मिळाला होता ना.

एका कपासाठी ही बाई एवढी का तडफडतेय, असं तुम्हाला वाटेल. माझ्या वहिनीलाही वाटतं. माझ्या खोलीत जुन्या इंग्लिश कपबश्यांनी भरलेलं एक कपाट आहे. प्रत्येक कप आपापल्या बशीवर बसलेला, अपवाद फक्त ह्या एकाचा. दोनशे वर्षांपूर्वी तिकडे इंग्लंडात घडवलेला, हाडांची राख कालवलेल्या चिनीमातीचा. बाहेरून गडद निळा पट्टा, त्यावर सोन्याची वेल, आणि आत अगदी तळाशी एकच गुलाबी फूल, म्हणजे चहा संपल्याशिवाय दिसू नये असं. उजेडासमोर धरला की पलीकडची बोटं दिसतात. कानापाशी केसाएवढी एक चीर आहे, ती मला मान्य आहे. माणसातही खोट काढायची तर माझ्यापासूनच सुरुवात करावी लागेल.

मी दातांच्या लॅबमध्ये काम करते. डॉक्टर तोंडाची मापं पाठवतात, मी चिनीमातीचे दात बनवते. शेजारच्या दातांना पत्ता लागू नये असा नवा दात त्यांच्यात बसवायचा, एवढीच माझी विद्या. त्यामुळे बाकीच्यांना जिथे नुसता पांढरा दिसतो तिथे मला पांढऱ्याचे दहा प्रकार दिसतात, आणि ह्याचा मला गर्व आहे. का नसावा?

हा कप मला जुन्या सामानाच्या बाजारात एका टोपलीत, गंजलेल्या कुलपांखाली सापडला. “ह्याच नक्षीचा माल सकाळीच गेला, कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्यांनी नेला,” दुकानदार म्हणाला. मी तशीच चष्म्याच्या दुकानात. काउंटरमागे एक उंच, वाकलेले गृहस्थ कुणाच्या तरी चष्म्याची काडी सरळ करत होते. मी निळ्या-सोनेरी नक्षीचं विचारलं. त्यांनी काडी पुरती सरळ केली, गिऱ्हाईक वाटेला लावलं आणि मग म्हणाले, “बशी आहे. विकायची नाही. तुमचा कप विकता?”

“नाही.”

“मग बसा.”

ही आमची ओळख. पुढच्या रविवारी मी पुन्हा गेले. म्हटलं, आठवड्यात माणसाचं मत बदलतं. नाही बदललं. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. अशी कित्येक वर्षं गेली. रविवारी दुकान बंद असायचं. मी वर त्यांच्या खोलीत जायची, ते बशी फ्लॅनेलच्या कापडावर ठेवायचे, आम्ही ती बघायचो, चहा प्यायचो (साध्या, जाड, बाजारच्या कपांतून), आणि भांडायचो. कान कोणत्या घाटाचा, सोनं मूळचं की नंतर चढवलेलं, अमका संग्राहक ज्याला अस्सल म्हणतो तो खरा की नुसता बडबड्या. मी त्यांना चष्मेवाले म्हणायची, ते मला दातवाल्या बाई म्हणायचे. “कप द्या आता,” ते जिन्यात म्हणायचे. “बशी द्या आधी,” मी खालून ओरडायची.

कप मी कधी त्यांच्या घरी नेला नव्हता आणि बशी त्यांनी कधी बाहेर काढली नव्हती. एकदा जोडी जमली की जो आपल्या वस्तूवरून आधी हात मागे घेईल तो ती हरला, हे आम्ही दोघंही न बोलता जाणून होतो. आमच्या ह्या नादात असे बरेच कायदे असतात. वस्तू हातातून हातात द्यायची नाही, हा त्यातला पहिला. देणाऱ्याने टेबलावर ठेवायची, हात मागे घ्यायचा, मगच दुसऱ्याने उचलायची. म्हणजे फुटलीच तर कुणाच्या हातून, ह्यावर वाद नको. वहिनी म्हणते, भांडणाची एवढी तयारी तर लोक लग्नातही करत नाहीत.

तर एका रविवारी चष्मेवाले म्हणाले, “दुकान दिलं. लेक न्यायला आलीय. तिच्या गावी राहीन आता.”

मला आधी बशीचीच काळजी वाटली, उगाच खोटं कशाला बोलू.

“जायच्या आधी एकदा जोडी बघू द्या,” ते म्हणाले. “एकट्याला. सकाळच्या उजेडात, दुपारच्या उजेडात, निवांत. आठवडाभर कप ठेवा माझ्याकडे. परत देताना बशीचं बोलू.”

बशीचं बोलू! ह्या दोन शब्दांवर मी भाळले. त्याच संध्याकाळी कप घेऊन गेले, टेबलावर ठेवला, हात मागे घेतला, आणि बाकीचं तुम्हाला सांगितलंच आहे.

तो आठवडा माझा मला माहीत. कपाटातली ती रिकामी जागा बघवेना, म्हणून तिथे दुसरा कप सरकवला. तो तिथे शोभेना, म्हणून काढला. पुन्हा ठेवला. लॅबमध्ये एका बिचाऱ्याची डावी दाढ मागवली होती, ती मी उजवी करून ठेवली. डॉक्टरांचा फोन आला, “बाई, पेशंट उलटा करून बसवू का?” घरी आले की वहिनी तयारच.

“आज काय बातमी? कपाला ताप-बीप नाही ना?”

“हस तू. त्यांच्या खोलीत सगळीकडे खोकी आहेत. लेक सामान बांधतेय. एखाद्या खोक्यात गेला म्हणजे?”

“म्हणजे कप गाव बघेल. इथे कपाटात बसून कंटाळला असेल.”

“वहिनी!”

“बरं बाई, नाही बोलत. पण मला एक सांग, जीव नक्की कशासाठी टांगणीला लागलाय? कपासाठी, की ते चालले म्हणून?”

“कपासाठी,” मी म्हटलं. आणि ते तेव्हा खरंच होतं, निदान मला तसं वाटत होतं.

गुरुवारी राहवेना. चष्म्याचा स्क्रू मुद्दाम सैल केला आणि दुकानावर गेले. शटर अर्धं खाली. आतल्या फळ्या उघड्या पडलेल्या, आरसे भिंतीवरून उतरवून जमिनीवर उभे केलेले, त्यामुळे आत शिरणाऱ्याला आधी स्वतःचे पायच दिसत होते. चष्मेवाल्यांची लेक सुतळी कापत होती.

“बाबा झोपलेत,” ती म्हणाली.

“आता? भर दुपारी?”

“हो. झोपलेत.” आणि तिने जिन्याच्या दाराकडे अशी नजर टाकली की झोपलेला माणूस कान लावून बसलाय हे मला तिथल्या तिथे कळलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच, मी मनात म्हटलं. मला माणूस टाळतोय. कप फुटला असणार, नाहीतर परत द्यायचा नसणार. स्क्रू तसाच सैल ठेवून मी घरी आले. चष्मा वाटेत दोनदा नाकावरून घसरला.

ठरल्या दिवशी मी वेळेच्या बरीच आधी पोचले. वर जायची वेळच आली नाही. चष्मेवाले जिन्याच्या पायथ्याशी उभे होते, हातात सुतळीने बांधलेलं खोकं. आणि त्यांनी ते सरळ माझ्या हातात दिलं. हातातून हातात. टेबल नाही, काही नाही.

“घरी जाऊन उघडा,” ते म्हणाले.

“आणि बशी?”

“आतच आहे.”

मला वाटतं मी ‘बरं’ म्हणाले. तसल्या प्रसंगी माणूस काय म्हणतो? इतकी वर्षं ज्या दारावर डोकं आपटलं ते दार नुसतंच लोटलेलं निघावं, तसं झालं. मला घरी जायची घाई झाली होती. ते काहीतरी बोलणार होते, पण मी तोवर रस्ता ओलांडला होता.

खोलीचं दार लावून खोकं उघडलं. आधी बशी काढली. तिला मी डोळे मिटूनही ओळखेन. त्या काळच्या बश्यांना कप बसायला खळगा नसतो, नुसती सपाट. पण वर्षानुवर्षं कप ठेवून ठेवून हिच्या मधोमध एक फिकट वर्तुळ उमटलंय, झिजलेलं. मग कप काढला आणि त्या वर्तुळावर ठेवला. तंतोतंत! रेषेवर रेष. टाळ्या पिटायच्याच काय त्या बाकी होत्या. वहिनीला हाक मारणार, तेवढ्यात सवयीने नख मारलं.

कप वाजला. खणखणीत, लांबवर, देवळातल्या लहान घंटेसारखा.

माझा कप वाजत नाही. चिरेमुळे तो नुसता ‘टक्’ करतो.

खिडकीत नेला. कानापाशी चीर नाही. जोडून घेतली म्हणावं, तर जोडकाम माझ्या नजरेतून सुटत नाही. तरी लॅबमध्ये नेऊन निळ्या दिव्याखाली धरला, त्यात जोडलेली जागा वेगळी चमकते. काही नाही. अखंड, निर्दोष, कानाच्या आतलं सोनंसुद्धा शाबूत. पांढराही वेगळा, माझ्या कपापेक्षा अर्ध्या छटेने निळसर. हा माझा कप नव्हता.

“म्हणजे फसवलं?” वहिनी म्हणाली.

“हो!”

“चांगला देऊन वाईट ठेवून घेतला?”

“हो.”

“असा चोर मला का नाही भेटत गं?”

मला हसू आलं नाही. मी खोलीत येरझाऱ्या घालत होते. कारण तोवर दुसरी गोष्ट डोक्यात शिरली होती. मी पुन्हा कप बशीवर ठेवला, उचलला, ठेवला. बशीवरचं वर्तुळ आणि ह्या कपाचं बूड दोन्ही सारखीच झिजलेली. दोन्हींचा पांढरा एकच, एका भट्टीतला. ही दोघं कुठूनतरी एकत्र आणलेली नव्हती. ती कधी वेगळी झालीच नव्हती. त्या बाजारातून चष्मेवाल्यांनी नुसती बशी नेली नव्हती, पुरी जोडी नेली होती. आणि मग इतके रविवार, इतकं भांडण, ‘कप द्या आता, कप द्या आता’, ते सगळं काय होतं? माझं डोकं असं भणभणलं की चप्पल उलटसुलट घालून मी निघाले.

वर खोलीत एकच खुर्ची उरली होती. तीत चष्मेवाले बसले होते, लेक खिडकीचे पडदे काढत होती. मला बघून ते उठले. मी काही बोलायच्या आतच त्यांचा चेहरा पडला.

“कळलं?” ते म्हणाले.

“कळलं म्हणजे? मी दिवसभर दुसरं काय करते? दातांच्या छटा जुळवते! आणि तुम्ही, जन्मभर लोकांची नजर तपासलीत, तुम्हाला वाटलं हिला दिसणार नाही?”

“वाटलं होतं, आनंदात बघणार नाही तुम्ही.”

“तुमच्याकडे कप होता.”

“होता.”

“पहिल्या दिवसापासून?”

“हो.”

“मग बशीच आहे म्हणून का सांगितलंत?”

“पहिल्या दिवशी सवयीने,” ते म्हणाले. “आपल्यात कुणी सगळं आहे म्हणून सांगतं का? तुम्ही सांगता? म्हटलं, ह्या बाईला अर्धंच दाखवू, कदाचित कप विकेल.” ते चष्मा काढून पुसायला लागले, आणि तो स्वच्छ होता. “पुढच्या रविवारी तुम्ही परत आलात. म्हटलं, आज सांगू. पण सांगितलं की तुमचं काम संपलं असतं.”

“माझं काम?”

“पुरी जोडी आहे आणि विकायची नाही, असं कळल्यावर कशाला आला असता तुम्ही?”

लेक हातात पडदा घेऊन उभी होती. ती म्हणाली, “आई गेल्यावर बाबांनी माणसांना घरी बोलावणंच बंद केलं होतं. खिडकीसुद्धा उघडत नव्हते. मग मला फोनवर दर सोमवारी तुमची गोष्ट ऐकावी लागायची. दातवाल्या बाई कशा चुकतात त्याची.”

“मी चुकते?” मी म्हटलं.

“कानाच्या घाटाच्या बाबतीत साफ चुकता,” चष्मेवाले म्हणाले.

मला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि दोन्ही एकदम येतात तेव्हा मी आवाज चढवते. “जाताना तरी खरं बोलायचं! चोरून कशाला बदललात?”

“चांगली जोडी तुमच्याकडे राहावी म्हणून. आणि लबाडी उघडी पडू नये म्हणून.”

“माझा कप द्या.”

“त्याला चीर आहे.”

“माहीत आहे मला. द्या.”

खोलीभर खोकी होती. त्यांतल्या एकालाही त्यांनी हात लावला नाही. खुर्चीमागे प्रवासात हाताशी ठेवायची छोटी पिशवी होती, औषधांची, ती त्यांनी उघडली. त्यातून लोकरी मफलरची गुंडाळी काढली, गुंडाळीतून माझा कप. एकूण एक बाकीच्या कपबश्या त्यांनी व्यापाऱ्याला दिल्या होत्या, ते मला लेकीने नंतर सांगितलं. हा एवढाच बरोबर चालला होता. त्यांनी तो टेबलावर, म्हणजे टेबल गेलेलं, म्हणून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. हात मागे घेतला. आणि बाजूला होऊन वाट बघत उभे राहिले.

मी उचलला नाही. म्हटलं, “कानाला धरून उचलू नका. चीर वाढेल.”

“मला शिकवू नका,” ते म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

ते गेले. आठवडाभर माझं बरं चाललं होतं. जोडी कपाटात मधोमध ठेवली. वहिनीने तिच्या मैत्रिणींना आणून दाखवली. लॅबमध्ये दाढा आपापल्या बाजूच्या झाल्या. मनाला बजावलं, सुंठीवाचून खोकला गेला, जे हवं होतं ते घरबसल्या मिळालं, आता गप्प बस.

मग रविवार आला. मी साडी बदलली, पिशवी घेतली आणि दारापर्यंत गेले.

“कुठे?” वहिनीने विचारलं. थट्टेने नाही.

“कुठे नाही,” म्हटलं, आणि चपला काढल्या. कपाट उघडून जोडी बघितली. निर्दोष होती. तिच्याबद्दल भांडण्यासारखं काहीच नव्हतं. मी बंद केलं, उघडलं, धूळ नसलेली फळी पुसली, दारापर्यंत पुन्हा जाऊन आले. वहिनी भाजी निवडता निवडता माझ्याकडे बघत होती. शेवटी ती म्हणाली, “अगं, फोन कर.”

“करून काय सांगू? मी घरीच आहे, हे?”

“तू एवढी भांडकुदळ, तुला कारण सापडेना?”

मी फोन लावला. लेकीने उचलला आणि लगेच त्यांना दिला. पलीकडे टीव्ही मोठ्याने चालू होता, कुणीतरी तो बंद केला.

“बोला,” चष्मेवाले म्हणाले.

“तुमची बशी,” मी म्हटलं. “मला शंका आहे. ही बशी त्या कपाची नाही.”

मी तसंच पुढे रेटलं.

“वर्तुळ नीट बघितलं मी. बूड जुळत नाही. अर्ध्या केसाचा फरक आहे.”

फरक नव्हता. रेषेवर रेष होती, आणि ती तशी आहे हे त्यांच्याइतकं जगात कुणालाच माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत ह्या माणसाने आपल्या एकाही वस्तूबद्दल, एकाही मताबद्दल, कधी चुकूनसुद्धा शंका काढू दिली नव्हती. आता ओरडणार, म्हणून मी फोन कानापासून जरा दूर धरला.

“शक्य आहे,” चष्मेवाले म्हणाले.

मला ऐकू आलं ते खरं की काय, कळेना. “काय म्हणालात?”

“शक्य आहे म्हटलं. मलासुद्धा अधूनमधून शंका यायची.” त्यांचा आवाज अगदी गंभीर होता. “पण हे फोनवर ठरण्यासारखं नाही. बघावं लागेल.”

“बघावंच लागेल,” मी म्हटलं.

“तुमचा कप घेऊन येतो. तो बसतो का तेही पाहू. पुढच्या रविवारी आहात का घरी?”

“आहे की. कुठे जाणार?”

“रविवारीच जमेल मला,” ते म्हणाले. “बाकीचे दिवस कामात असतो.”

दुकान विकून बसलेल्या माणसाला कसलं काम, हे मी विचारलं नाही. गाडी किती वाजता पोचते, तेवढं विचारून घेतलं.